तिसरा कौल

देवळामागच्या तेरड्याला त्या सकाळी कळ्या भरपूर होत्या. मी परडी कडेला धरून खुडत होते. हंसाक्का शेताच्या बाजूनं आली ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गुडघ्यांपर्यंत काळा चिखल, काष्टा ओला, श्वास वर चढलेला.

“तुझा मौन आसा ता माका ठाऊक आसा,” ती म्हणाली. “तू बोलू नको. नुसता आयक. बांधाक खांड पडली.”

माझा हात कळीवरच राहिला.

लग्न होऊन गुरवाच्या घरी आले तेव्हा सासूबाईंनी मला नेम दिला होता, देवीपुढं दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. जुव्यावर सगळ्यांना ते माहीत होतं. सकाळच्या वेळी जो माझ्याशी बोलायचा तो एकटाच बोलायचा, एकटाच हसायचा आणि माझं उत्तरही स्वतःच देऊन मोकळा व्हायचा. हंसाक्काला तर त्याची सवयच होती.

“मोठी नाय,” ती म्हणाली. “माणूस आडवो पडलो तर भरात एवढीच. उघाडीच्या अंगाक कुर्ल्यांनी बांध पोखरून ठेवलेलो, थंयच बसलो. पण पुनव तोंडावर इली. उधाणाचा पाणी इला की ती खांड काय एवढीच रवतली? तू म्हणशील, बाबलभावोजींका सांग. सांगलंय. म्हणशील, ते काय म्हणतत? काय म्हणतले, मिशी वळतत. जा, दिवो लाव तुझो.”

आणि ती आली तशी गेली.

आमचा जुवा म्हणजे खाडीच्या मधोमध राहिलेली मातीची एक ढेप. चारी बाजूंना खारं पाणी. आत भातशेती, माडांच्या रांगा, तीसेक घरं, सातेरीचं देऊळ, आणि देवळापुढं गोड्या पाण्याची एकच विहीर. हे सगळं गोडं ठेवलं होतं ते एका खारबांधानं. मागच्या पिढ्यांनी चिखलाचे गोळे थापून थापून घातलेला बांध, आणि शेतातलं पाणी बाहेर सोडायला त्याला एक लाकडी दार, तीच उघाडी. बांध फुटला तर शेत जाणार, शेतामागून विहीर जाणार, आणि विहीर गेली की जुव्यावर माणूस राहू शकणार नाही. हे कुणी कुणाला शिकवायला लागत नव्हतं. रांगत्या पोराला आम्ही बागुलबुवाची भीती घालत नसू, उघाडीची घालत असू.

सासरे सांगत, त्यांच्या काळी श्रावणातलं उधाण बांधाच्या कमरेला लागून परत जायचं. मी आले तेव्हा ते छातीला लागत होतं. पुढंपुढं ते गळ्यापर्यंत यायला लागलं. शहरातून माणसं यायची, चिखलात काठ्या रोवून मापं घ्यायची, हवा तापते आहे, समुद्र वर चढतो आहे, असं सांगायची. आम्ही त्यांना शहाळी द्यायचो. त्यांच्यातल्याच कुणीतरी सांगितलं की बांधाच्या बाहेर कांदळ लावा, त्याची मुळं चिखल धरून ठेवतात, लाटेचा जोर तोडतात. पुरुषांनी माना डोलावल्या आणि ते विसरून गेले.

विसरली नाही ती हंसाक्का. हंसा तांडेल, बाबलभावोजींची थोरली भावजय. नवरा खाडीनंच नेलेला, मुलगा बोटीवर नोकरीला. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना ती दारात उभी राहून म्हणाली होती, “देवीची ओटी भरतास, सुनेची भरतास. खाडयेची कोण भरता? म्हणान ती आपणच घरात येता.” त्या श्रावणात आम्ही बायका पदरात पाच-पाच कांदळाच्या शेंगा घेऊन ओहोटीच्या चिखलात उतरलो आणि एकेक शेंग रोवून खाडीची ओटी भरली. मग तो नेमच झाला. सहा श्रावण झाले. त्या वर्षी बांधाबाहेरचं कांदळ आमच्या डोक्यांच्या वर गेलं होतं. लाटा त्याच्यात शिरून मोडायच्या आणि बांधाशी पोचेपर्यंत त्यांची नुसती चाळवाचाळव उरायची. मी नेमधर्माची बाई, मला शास्त्र कळत नाही. पण तिथं उभं राहिलं की हात आपोआप जोडले जायचे.

दुपारची ओहोटी लागली तसा सगळा जुवा बांधावर जमला. खांड खरंच मोठी नव्हती. पण तिच्या कडा ओल्या भाकरीसारख्या सुटत होत्या. बाबलभावोजी खाली उतरून पायानं चाचपून बघत होते. ते जुव्याचे मानकरी, देवीला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, आणि बांधाचं कामही बापाकडून त्यांच्याकडे आलेलं.

“दगड आणूचे तर खंयसून?” ते वर न बघता म्हणाले. “ह्या वाऱ्यात होडी दगड घेवन येतली, पुनवेआधी दोन खेपा करतली. तेवढ्यान काय दात कोरूचे?”

“कचेरीत कळवलास?” कुणीतरी विचारलं.

“कळवलंय. म्हणतत, पाणी ओसारला की पाहणीक येतो. पाहणी करूक त्यांका पाणी आत इलेलाच बरा.”

लोक हसले. मग एकेकाची मान एकाच बाजूला वळत गेली. बांधाच्या पलीकडं, कांदळाकडं.

हंसाक्कानं ते बघितलं. “थंय बघू नको,” ती दिराला म्हणाली.

“वैनी, माझ्या बापाशीन खांड कशान बुजवल्यान?”

“कांदळान.”

“तेच्या बापाशीन?”

“कांदळान. तेव्हा चारी बाजूंक रान होता आपसून उगवलेला. तोडला तरी दिसत नसा. आता ह्यो एवढोच पट्टो. तो तोडलास तर बांधाच्या पुढ्यात काय रवला?”

“आणि बांधच नाय रवलो तर पट्टो घेवन काय करतलंस? तेका हळद लावतलंस?”

पुन्हा हसू झालं. हंसाक्काही हसली, पण तिचा चेहरा हसला नाही. “माड तोडा,” ती म्हणाली. “माझ्या परड्यातले तोडा आधी. माडाचे तुकडे घाला, वर झावळांची चुडता, वर चिखल.”

हे ऐकून हसणाऱ्यांची तोंडं मिटली. आमच्याकडं फळत्या माडाला कुऱ्हाड लावायची म्हणजे घरातल्या कमावत्या माणसाला कसायाच्या दावणीला बांधण्यासारखं. वठलेला माड पाडायचा तरी त्याच्या बुंध्याशी दिवा लावून माफी मागतात.

“चार दिसांनी दर्याक नारळ देतलंस आणि आज माड मारतलंस?” बाबलभावोजी म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “आणि माड सरळ असता गो. फटीतसून पाणी जातला. कांदळाचो पाय वाकडो. तो चिखलाक मिठी मारता.”

“म्हणानच तो थंय होयो.”

“परत लाव मगे. लावलंस तसा लाव. मी येतंय लावूक.”

“तिवर तोडलो तर फुटता. कांदळ तोडला की फुटत नाय. ता तुका माझ्यापेक्षा ठाऊक आसा, बाबल. आणि लावलेला वाढासर उधाण काय पायरेर बसान रवतला?”

बाबलभावोजींची सून नमिता घाटावरची, चारच महिन्यांपूर्वी आलेली. कुर्ल्यांच्या भीतीनं साडी पोटऱ्यांवर धरून ती बांधाच्या अगदी मध्यावर उभी होती. ती म्हणाली, “मी सांगू का? दोन्ही अर्धं अर्धं तोडा की.”

“बाय माझे, ही काय भाकरी आसा?” बाबलभावोजी म्हणाले, आणि सगळ्यांना पुन्हा हसायला मिळालं.

ऊन उतरत चाललं. वाद तिथंच फिरत राहिला. शेवटी बाबलभावोजींनी हात झटकले. “माझा नको, तिचा नको. आवशीक विचारूया.”

“विचारा,” हंसाक्का म्हणाली. “ती सांगात ता माका मान्य.”

आणि तिला ते खरोखरच मान्य असणार होतं. आम्ही सगळेच तसे होतो. होडी विकत घ्यायची, मुलगी द्यायची, आजाऱ्याला तालुक्याला न्यायचं की नाही, सातेरीला विचारल्यावाचून जुव्यावर पान हललं नव्हतं.

तिन्हीसांजेला सभामंडप भरला. सकाळी खुडलेल्या कळ्यांतल्या चांगल्या मी निवडून दिल्या. यांनी आंघोळ करून देवीच्या पाषाणाला पाणी लावलं आणि दोन्ही खांद्यांच्या जागी एकेक कळी चिकटवली. कौल असाच लावतात. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार.

बाबलभावोजी पुढं झाले. “हे आवशी सातेरी, जुव्याचे धनीणी,” त्यांनी सुरू केलं, “बांधाक खांड पडली आसा...”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“लेकरांची विहीर, लेकरांचा भात तुझ्या पदरात आसा...”

“व्हय म्हाराजा.”

“बांधाभायला कांदळ तोडून खांड बुजवची असात तर उजवी दी. कांदळ राखून माड तोडूचे असतीत तर डावी दी. लेकरांका वाट दाखय.”

“व्हय म्हाराजा.”

तो शब्द मंडपात फिरून विरायच्या आत डावी कळी पडली.

मी बायकांच्या बाजूला हंसाक्काजवळ उभी होते. तिनं डोळे मिटले आणि जोडलेले हात कपाळाला लावले. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं.

“ओली होती कळी,” बाबलभावोजी म्हणाले. “नीट लागूक नव्हती.”

“लागली होती,” हे म्हणाले.

“गुरवानू, परत लावा. एकदा परत विचारलंव म्हणान आवस काय रागावणा नाय.”

तसं विचारतातही. कळी वाऱ्यानं पडली, पालीनं पाडली, अशा वेळी पुन्हा लावायची रीत आहे. यांनी एकदा देवीकडं पाहिलं, नव्या कळ्या घेतल्या, पाण्यात बुडवल्या. पुन्हा गाऱ्हाणं झालं. या खेपेला काहीच पडलं नाही. समईच्या वाती दोनदा सारल्या, पोरं पेंगायला लागली, कळ्या तशाच. देवीचा चांदीचा मुखवटा उजेडात लखलखत होता आणि त्याच्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

“परत,” बाबलभावोजी म्हणाले.

“बाबलदा...” हे म्हणू गेले.

“परत लावा.”

तिसऱ्या वेळी त्यांना गाऱ्हाणं नीट घालता येईना. बायकापोरांसमोर कधी डोळे न पुसलेला माणूस, तो उपरण्यानं तोंड पुसत म्हणाला, “आवशी, माड आमका पोरांसारखे. तेंच्यार हात उचलूक लावू नको. दुसरा काय मागणा नाय. उजवी दी.” आणि मग कुणी सांगितल्याविना सगळा मंडप म्हणायला लागला, उजवी दी, उजवी दी. माझ्या शेजारच्या बायकाही म्हणत होत्या. ज्यांच्या पदरांतून ते कांदळ गेलं होतं त्याच.

उजवी कळी पडली.

लोकांनी सोडलेला श्वास समईला लागला आणि ज्योत हलली. “व्हय म्हाराजा,” इतकं मोठ्यानं झालं की बाहेर माडांवरची वटवाघळं उठली.

एरवी हे पडलेली कळी उचलून मस्तकाला लावत आणि विचारणाऱ्याच्या ओंजळीत घालत. त्या संध्याकाळी त्यांनी ती उचलली नाही. बाबलभावोजींनी स्वतःच वाकून घेतली. घरी आल्यावर मी ताट वाढलं तर हे म्हणाले, “भूक नाय.” मी विचारलं नाही. मी सहसा विचारत नसे.

दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला पुरुष कोयते घेऊन बांधावर आले तेव्हा हंसाक्का आधीच चिखलात उतरलेली होती.

“दुसऱ्याचो कोयतो आधी लागूक नको,” ती म्हणाली.

तिनं पहिल्या झाडाला कुंकू लावलं, पाच वेळा नमस्कार केला आणि बुंध्यावर घाव घातला. कांदळाचं लाकूड आतून लालसर असतं. ते बघून नमितानं तोंड फिरवलं. मग आम्ही सगळ्याच उतरलो. पुरुषांनी आम्हाला नको म्हटलं नाही. त्यांना ते बरंच वाटलं असावं. जिनं जे लावलं होतं ते तिनं शोधून तोडायचं, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण झालं तसंच. कुणी म्हणे, ह्या माझ्या धाकट्याच्या वर्साचा. कुणी म्हणे, माझी सासू गेली ता ह्या. बांधावरून पुरुष फांद्या ओढून नेत होते. दिवस कलायच्या आत मागं राहिली ती बोटांएवढी खुंटं आणि वाकड्या मुळांचे उघडे पाय.

खांड मात्र अशी बुजवली की बघत राहावं. आडव्या फांद्या, वर पेंढा, वर चिखल, पुन्हा फांद्या, आणि वर वीस माणसं हातात हात घालून नाचत तुडवत होती. बाबलभावोजींचा हात त्या कामात देवाचा होता. शेवटचा गोळा त्यांनी थापला तेव्हा जुना बांध कुठला आणि नवा कुठला ते सांगता येत नव्हतं.

पुनवेच्या दुपारी उधाण आलं. पाणी बांधाच्या गळ्याला लागलं, काठावरून आत डोकावल्यासारखं करून थांबलं आणि उतरलं. एक ओंजळही आत आली नाही. जुव्यावर असा सण मी पाहिलेला नव्हता. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत निघाला, पोरांनी गुलाल उधळला. बाबलभावोजींनी भावजयीच्या पायांवर डोकं ठेवलं.

“वैनी, राग धरू नको.”

“देवीन दिल्यान. तुझ्यार कसलो राग?” ती म्हणाली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

लोक नारळ सोडायला पुढं गेले तेव्हा तिनं माझा हात धरून मला मागं ठेवलं.

“आवाज आयकतंस?”

मला आधी ताशाच ऐकू येत होता. मग ऐकू आला. धप्. थोडं थांबून पुन्हा धप्. लाट सरळ बांधावर येऊन आपटत होती. मधे मोडायला तिला काही उरलं नव्हतं.

“सहा वर्सां आपण हो आवाज आयकूक नाय,” हंसाक्का म्हणाली. मग पदर नीट करून तीही नारळाकडं गेली.

पंधरवडाभर तो आवाज होत राहिला. भरतीच्या वेळी घरात बसलं तरी पायांखालून यायचा. बाबलभावोजी रोज बांधावर जाऊन बुजवलेली खांड बघून येत आणि सांगत, “लोखंड आसा लोखंड.” आणि ती होतीही लोखंडच.

पिठोरी अमावास्येला सकाळपासून पश्चिमेचा वारा होता आणि पाऊस आडवा लागत होता. दुपारी पाणी चढायला लागलं तशी माणसं बांधावर जाऊन उभी राहिली. मी देवळाच्या पायरीवरून बघत होते. मला वाटलं होतं, बांध फुटतो तेव्हा मोठा आवाज होत असेल. तसं काही झालं नाही. दमलेला माणूस भिंतीला टेकून खाली बसतो तसा तो बसला. आधी उघाडीच्या पलीकडं, मग अलीकडं. बुजवलेली खांड जशीच्या तशी उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंचा बांध गेला आणि ती मधे राहिली, पाण्यातल्या खडकासारखी, एकटी. बाबलभावोजी तिच्यावर उभे होते. त्यांना होडीनं काढावं लागलं.

पोटरीत आलेलं भात बघता बघता दिसेनासं झालं. पाणी बांधाबांधांवरून, खळ्यांतून, कुणाला न ढकलता सरकत आलं आणि विहिरीच्या काठड्याला वळसा घालून देवळाच्या पायरीशी थांबलं. ओहोटीला ते परत गेलं तेव्हा उरलेल्या बांधाचे आणखी चार लचके बरोबर घेऊन गेलं.

संध्याकाळी हंसाक्का विहिरीवर गेली. तिनं कळशी सोडली, भरून वर काढली. हळूहळू सगळेच भोवती जमले. तिनं ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावलं आणि कळशी माझ्याकडं दिली. मी प्याले. मी शेजारणीला दिली. कळशी हातोहात फिरली. पुरुष प्याले, पोरं प्याली. आमच्यातल्या कुणालाच तो शब्द पहिल्यांदा तोंडातून काढायचा नव्हता. शेवटी कळशी नमिताच्या हातात आली.

“खारट हाय,” ती म्हणाली. मग सगळ्यांकडं बघून हळूच म्हणाली, “खारटच हाय की हे.”

हंसाक्कानं तिच्या हातातून कळशी घेतली, उरलेलं पाणी तुळशीला घालायला म्हणून दोन पावलं गेली आणि मधेच थांबली. खारं पाणी तुळशीला कसं घालायचं? ती कळशी तशीच घेऊन घरी गेली. आठवड्यात मुलाचा निरोप आला आणि ती गोव्याला गेली. होडीत चढताना तिनं बांधाबाहेरच्या खुंटांकडं पाहिलंसुद्धा नाही. एकाही खुंटाला फूट आलेली नव्हती.

आता आम्ही सगळे खाडीपलीकडं, सड्याच्या उंच कातळमाळावरच्या वसाहतीत असतो. नळाला पाणी येतं. जुव्यावर माड आहेत, एकही पडला नाही. नारळ धरतात, पिकतात, गळतात आणि खाडीतून वाहत येतात. पोरं ते गोळा करतात. सड्यावर राहायला यायला जुव्यावरचा एकेक माणूस किती अडला होता, ते त्या पोरांना माहीत नाही. सरकारनं जागा दाखवली होती, होड्या तयार होत्या, विहीर गेली होती, तरी कुणी उठेना. आणि का उठेना, ते बाबलभावोजी आले तेव्हा मला कळलं.

त्याच वर्षीची भाद्रपदातली पुनव होती, आम्ही अजून जुव्यावरच होतो. माझा उपास होता. दुपार व्हायला आली होती. ते वहाणा पायरीवर काढून मंडपात आले. हातात परडी होती. तेरड्याच्या कळ्या त्यांनी स्वतः खुडल्या होत्या. सवय नसल्यामुळं निम्म्या चुरगळल्या होत्या. त्या पंधरवड्यांत त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या की आधीपासूनच होत्या, मला आठवेना.

“गुरवानू,” ते म्हणाले, “आवशीक विचारूया. जावचा की रवाचा.”

यांनी त्या संध्याकाळनंतर कौल लावलेला नव्हता. त्यांनी परडीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. पुरुषांच्या बोलण्यात मी कधी पडत नसे. माझ्या तोंडून शब्द आला तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

“भावोजीनू, आता तिका विचारू नका.”

“कित्याक?”

“तिना सांगल्यान होता. पयल्याच खेपेक.”

त्यांनी परडी घट्ट धरली. “तिसरो कौल उजवो होतो, वैनी. सगळ्यांनी बघितलो.”

“पयलो डावो होतो. तोय सगळ्यांनी बघितलो.”

मी खाली बघतच बोलत होते. “पोर आवशीकडे हट्ट धरता. ती नको म्हणता. ता परत मागता, ती गप रवता. ता रडाक लागता. मगे ती दमता आणि म्हणता, घे. तिना दिला म्हणान ता तिच्या मनात होता असा नाय, भावोजीनू.”

हे गाभाऱ्याच्या दाराशी पाठ टेकून बसले. बाबलभावोजींनी परडी जमिनीवर ठेवली. बराच वेळ ते देवीच्या मुखवट्याकडं बघत राहिले, जसं आपल्यावर रुसलेल्या माणसाकडं बघतात, आता बोलेल, मग बोलेल म्हणून. मग ते माझ्याकडं वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

“मगे आता आमी विचारूचा तरी कोणाक?”

बाहेर भरती चढत होती. मोडक्या बांधातून शिरून, बुडालेल्या शेतावरून, विहिरीला वळसा घालून पाणी रोजच्या वाटेनं देवळाकडं येत होतं. भावोजींच्या वहाणा खालच्या पायरीवर होत्या. मी उठून बाहेर गेले आणि पाणी पोचायच्या आत त्या उचलून वर घेतल्या.